करडईवरचे संशयित

कीटकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नोंद नसलेली एक कीड त्या वर्षी आमच्या करडईवर पडली होती. ती कीड म्हणजे मी.

आता हे मी हसत सांगतो. तेव्हा मात्र माझा संशय गावातल्या प्रत्येक माणसावर होता. फक्त स्वतःवर नव्हता.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा, कचेरी नवी, आणि कचेरीची पाटी तर इतकी नवी की पांढऱ्या रंगाखालून जुन्या जिल्ह्याचं नाव अजून डोकावत होतं. साहेबांना खुर्ची होती. आम्हा कृषी सहायकांना बियाण्याची पोती होती, त्यांवर बसून आम्ही अहवाल लिहायचो. पण नवा जिल्हा झाला म्हणून नव्या जागा निघाल्या, आणि जागा निघाल्या म्हणून मला नोकरी लागली. त्यामुळे मला त्या पोत्याबद्दलही कृतज्ञता वाटायची. (पोतं करडईचं नसलं म्हणजे जास्तच.)

आमच्या घरात सातवीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. गावातल्या शाळेचे गुरुजी स्वतः माझा वसतिगृहाचा अर्ज घेऊन तालुक्याला गेले, म्हणून मी बी.एस्सी. अॅग्री झालो. माझे वडील, म्हणजे आबा, अंगठा लावायचे. पण कॉलेजातली माझी प्रॅक्टिकलची वही त्यांनी लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी ठेवली होती. पाहुणे आले की फडकं सोडायचं आणि वहीतली किड्यांची चित्रं दाखवायची.

"ह्ये समदं आमच्या नामदेवानं काढलंय. सोताच्या हातानं!"

पाहुणे हात जोडायचे. वहीला की खंडोबाला, ते मला कधी कळलं नाही.

(वही माझ्या हातचीच होती, यात खोटं काही नाही. पण ती चित्रं मी खोलीतल्या मित्राच्या वहीवरून, खिडकीच्या काचेला कागद लावून, एका दुपारीत गिरवली होती. हात चित्रावर आणि कान मेसच्या घंटेवर! कारण अळ्यांच्या प्रॅक्टिकलच्या दिवसांत मी मेसचा सेक्रेटरी होतो, आणि वरणातल्या अळ्यांचा प्रश्न जास्त तातडीचा होता.)

त्या वर्षी पाऊस असा पडला की मोजायला भांडं ठेवलं असतं तर भांडंच हसलं असतं. विहिरीनं तळ दाखवला, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. रानात हिरवी उभी होती ती फक्त दीड एकर करडई. वर्षाचं गोडं तेल आणि पुढच्या पेरणीचं बी, दोन्ही तिच्यातूनच यायचं होतं. आणि नेमका तिच्यावर मावा पडला. आमच्याकडे त्याला चिकटा म्हणतात. काळाकुट्ट, शेंड्यापासून खोडापर्यंत. हात लावला की बोटं चिकटायची.

आमच्या बांधाला लागून मन्मथअप्पांचं रान. गावात त्यांचं खत-औषधाचं दुकान. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, तोंडात सतत एक टोमणा. पारावर चारचौघांत त्यांनी आबांना विचारलं, "किसनराव, दवा कधी मारायची? पावडर आलीय नवी. सांजच्याला धुरळा, सकाळच्याला सफाया."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी घसा साफ केला आणि व्याख्यान दिलं. पावडरीनं चिकट्याबरोबर चिकटा खाणारे किडेही मरतात, निसर्गातच शत्रूचे शत्रू असतात, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा एका दिवसात कितीतरी मावा फस्त करतो, वगैरे.

"म्हंजी," मन्मथअप्पा म्हणाले, "किड्यावर अजून किडे सोडायचे? बीएस्सी, चोर धरायला दुसरे चोर ठेवलालास का तू?"

पारावरचे सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते उठले, पटका नीट केला आणि म्हणाले, "माझा पोरगा शिकलाय. माझ्या रानात दवा पडणार न्हाई. चिकटा गेला न्हाई तर येत्या साली मी तुमच्याच दुकानात हमाली करीन, अप्पा."

झालं! आता प्रश्न नुसत्या करडईचा राहिला नव्हता. आबांचा शब्द माझ्या चित्रांच्या वहीवर उभा होता.

ढालकिडे आणायचे कुठून? दुष्काळात तेही गाव सोडून गेले होते. पण माझा तोच खोलीतला मित्र अर्धापूरकडं नोकरीला होता. तिकडं कालव्याचं पाणी, केळीच्या बागा, जनावरांसाठी लसूणघास. त्या लसूणघासात ढालकिडेच ढालकिडे. दोघांनी दिवसभर वेचून काचेची मोठी बरणी भरली, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला, आणि मी ती मांडीवर घेऊन नांदेडहून लातूरच्या एसटीत बसलो.

"बरणीत काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"किडे."

"कशाला?"

"शेतात सोडायला."

कंडक्टरनं तिकिटाच्या पंचनं कानामागं खाजवलं. "लोकं किडे मारायला जीव टाकलालेत, अन् तुम्ही एसटीनं घेऊन चाललाव?"

"हे चांगले किडे आहेत."

"चांगले कशावरून?"

या प्रश्नाला माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात उत्तर होतं, पण तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक म्हातारे हळूच म्हणाले, "करणीचं सामान असंल." माझ्या शेजारच्या दोन बाया उठल्या. पुढच्या बाकावरचे गृहस्थ उभे राहिले. मग तीन जणांच्या बाकावर मी एकटाच पाय पसरून लातूरपर्यंत आलो. त्या दुष्काळी वर्षात अख्ख्या मराठवाड्यात इतका ऐसपैस प्रवास दुसऱ्या कुणी केला नसेल. एक ढालकिडा मात्र निसटला आणि कंडक्टरच्या कॉलरीत शिरला. त्यानंतर मला गावाच्या फाट्यावर उतरवायला बस पूर्ण थांबलीसुद्धा नाही!

घरी मायनं बरणी दोन हात लांब धरून पाहिली.

"ह्यास्नी खायाला काय घालायचं?"

"चिकटा खातात ते, माय."

"अन् चिकटा सरला की? मग करडईच खातील की रं!"

"नाही, नाही. हे झाडपाला खात नाहीत. मांसाहारी आहेत."

मायनं बरणी खाली ठेवली. "मंग शेळी घरात बांधते बाई मी."

दिवस कलल्यावर आम्ही करडईत गेलो. मी विधिपूर्वक मच्छरदाणी सोडली. अर्धे ढालकिडे करडईवर बसले. उरलेले अर्धे उठले, एक छान गिरकी घेतली आणि सरळ मन्मथअप्पांच्या रानात गेले!

दुसऱ्या सकाळी मन्मथअप्पा बांधावर उभे. "बीएस्सी, तुमची जनावरं माझ्या रानात चरायला आली व्हती. मी दवा मारली. वाईट वाटून घेऊ नगंस."

पुढचे तीन आठवडे मी कचेरीतून सुटलो की सायकल मारत रानात जायचो. ढालकिडे रोज कमी कमी दिसायला लागले. चिकटा होता तिथंच होता. जेवताना आबा आमटीवरच्या तेलाच्या तवंगाकडं असं बघायचे की मी भाकरी कोरडीच खायचो. एक दोनदा माय म्हणाली, "नामा, करडईवर काई तरी काळं काळं हिंडून राहिलंय बघ." मी म्हणालो, "माय, तो चिकटाच आहे. तुला कळत नाही."

अशात येळवस आली. मार्गशीर्षाच्या अमावस्येचा हा आमच्या भागातला सण. घरात कुणी राहत नाही, अख्खं गाव रानात. कडब्याची कोपी उभारायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, भज्जी, उंडे, खिरीचा नैवेद्य दाखवायचा आणि "ओलगे ओलगे" ओरडत पिकाभोवती आंबील शिंपडायची. दुष्काळ असो की काही असो, येळवस चुकत नाही. आणि त्या दिवशी कुणालाही जेवायला बोलावलं नाही असं चालत नाही. मन्मथअप्पांनाही बोलवावंच लागतं!

मी सकाळीच करडई बघायला गेलो आणि जागीच थिजलो. प्रत्येक झाडावर अळ्या! बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या. काळ्याकरड्या, अंगावर काट्यांसारखे उंचवटे, पाठीवर नारिंगी डाग, पुढं सहा पाय. आणि चाल अशी, की जणू मगरीची पिलं भाड्यानं घर बघायला निघालीत!

"आबा! नवी कीड!"

आबा धावत आले. "कंची हाय?"

मी डोळे बारीक केले, एक अळी काडीवर घेतली, उन्हाकडं धरली आणि जाहीर केलं, "आपल्याकडची नाही. विलायती दिसते."

"अप्पाच्या रानात हाय का?"

मी बांध ओलांडून पाहिलं. एकही नाही! (असणार कशी? त्यांनी पावडर मारली होती. पण संशय आला की माणूस असला विचार करत नाही, पदवीधर तर मुळीच नाही.)

आबांचा आवाज खाली आला. "दवा खपंना म्हणून त्यानंच तर आणून सोडली नसंल?"

मी शासकीय सेवक. जपून बोललो, "शक्यता नाकारता येत नाही."

आणि तिथंच बांधावर बसून मी तातडीचा अहवाल लिहिला. 'अनोळखी, बहुधा परदेशी किडीचा तीव्र प्रादुर्भाव. घातपाताचा संशय.' फाट्यावरून जाणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरला विनवून तो लातूरला रवाना केला. मग डालडाच्या रिकाम्या डब्यात रॉकेल ओतलं आणि पाहुण्यांची वाट बघत उभा राहिलो.

पाहुणे आले तसं मी एकेकाला करडईत घातलं. "आधी अळ्या वेचा, मग आंबील!"

येळवसला जेवायला आलेल्या माणसाला कामाला लावणारं घर आमच्या तालुक्यात आमचंच पहिलं. करडईला काटे किती असतात ते ज्यानं हात घातलाय त्यालाच ठाऊक. लोकांनी हाताला फडकी गुंडाळली, पायाला बारदान बांधलं आणि कण्हत, शिव्या देत, टिपून टिपून अळ्या माझ्या डब्यात टाकल्या. गुरुजी गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते. "नामदेव, तुझा अर्ज मी तालुक्याला नेला तेव्हा माझे गुडघे चांगले होते रे," एवढंच म्हणाले.

माझं लक्ष मन्मथअप्पांवर होतं. ते एक अळी धरायचे, बराच वेळ निरखायचे, मग डब्यात टाकायचे. म्हणजे मुद्दाम हळू! माय तर माझ्या डब्याकडं फिरकतच नव्हती. ती आंबिलीच्या रिकाम्या बिंदगीत, म्हणजे त्या लहान मडक्यात, काहीतरी टाकत होती. सणाच्या दिवशी तिला रॉकेलचा वास नको असेल असं मी धरलं.

शेवटी आबांना राहवेना. "अप्पा, सणाचा दिस हाय, खरं बोला. ह्ये तुमी सोडलं का?"

मन्मथअप्पा ताठ झाले. "मी? किसनराव, माझ्या दुकानात मरणाचं सामान हाय. जितं काई इकत न्हाई मी!"

वातावरण तापलं. गुरुजींनी मध्ये पडून सगळ्यांना कोपीकडं नेलं. पूजा सुरू झाली. आणि आबांनी पिशवीतून लाल फडकं काढलं! त्या वर्षी पांडवांच्या शेजारी त्यांनी माझी वही पूजेला मांडली. वहीला हळदकुंकू लागलं, नैवेद्य दाखवला. मग दुखावलेल्या पाहुण्यांचं मन रमावं म्हणून आबांनी नेहमीप्रमाणे चित्रं दाखवायला घेतली.

"ह्यो टोळ. ही बोंडअळी. ह्यो..."

"थांबा," मन्मथअप्पा म्हणाले. "ह्ये पान मागं करा."

आबांनी पान मागं केलं. मन्मथअप्पांनी स्वतःच्या पटक्याच्या शेवावर चालणारी एक जिवंत अळी बोटावर घेतली आणि अलगद वहीच्या पानावर ठेवली. चित्राच्या शेजारी.

काळंकरडं अंग. काट्यांसारखे उंचवटे. नारिंगी डाग. सहा पाय. दोन्हीकडं! मी डाग चांगले गिरवले होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"गुरुजी, खाली इंग्रजीत काय लिवलंय?"

गुरुजींनी चष्मा लावला. पाचवीत ज्या आवाजात त्यांनी मला इंग्रजी शिकवलं त्याच आवाजात ते एकेक शब्द मराठीत करत वाचू लागले. "ढालकिड्याची... अळी. ही... माव्यावर... जगते. शेतकऱ्याचा... मित्र. मारू... नये." ते थांबले. माझ्याकडं पाहिलं. "अक्षर तुझंच आहे, नामदेव."

"म्हंजी," आबा सावकाश म्हणाले, "तू सोडलेल्या किड्यांची ही पोरं?"

"हो."

"अन् ती चिकटा खात व्हती?"

"मोठ्यांपेक्षा जास्त खातात," मी खरं ते सांगितलं. आता लपवण्यासारखं उरलं काय होतं!

"अन् आपुन सकाळपासून..."

सगळ्यांनी रॉकेलच्या डब्याकडं पाहिलं. डबा गळ्यापर्यंत भरला होता. आबांचा शब्द त्याच्या तळाशी होता. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मी कितीतरी परीक्षा दिल्या, पण नापास झाल्यावर कसं वाटतं ते मला त्या पटक्यानं शिकवलं.

"घातपात झालाय खरा," मन्मथअप्पा म्हणाले. "गुन्हेगारबी सापडला!"

तेवढ्यात माय बिंदगी घेऊन पुढं आली. तोंडाला धडपा बांधलेला. तिनं तो सोडला. आत चिकट्यानं भरलेले करडईचे शेंडे, आणि त्यांच्यावर गच्च अळ्या. जिवंत!

"माय, हे काय?"

"तू मार म्हनलास म्हणून वेचल्या. पर मारायचं मन हुईना. आठ रोज बगून राहिले मी, जिथं ह्ये काळं हिंडतंय तितला चिकटा सरतोय. तुला सांगितलं बी व्हतं."

"मग जोरात का नाही सांगितलंस?"

"तू शिकलेला हायस बाबा," माय म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गुरुजी सगळ्यात आधी उठले, ते गुडघे घेऊनच! मग एकेक जण. हाताला पुन्हा फडकी, पायाला पुन्हा बारदान, आणि ज्या अळ्या सकाळी वेचल्या त्यांच्या वाचलेल्या भावंडांना सगळ्यांनी मिळून काडीकाडीनं झाडांवर नेऊन बसवलं. आंबील शिंपडायला आबा निघाले तेव्हा जेवण पार गार झालं होतं. त्यांनी पटका परत बांधला होता. "ओलगे ओलगे" मात्र त्या वर्षी ते जरा हळूच ओरडले. अळ्या दचकू नयेत म्हणून असेल.

बिंदगीतल्या आणि पानाआड लपून राहिलेल्या अळ्यांनी काम केलं. संक्रांत होऊन थोडे दिवस गेले आणि शेंडे हिरवे दिसायला लागले, लाल ढालकिडे परत झाडांवर हिंडायला लागले. करडई जोरदार आली असं मी म्हणणार नाही, पण घरात तेल आलं, बी उरलं. मन्मथअप्पांच्या रानात मात्र पावडरीचा असर सरला तसा चिकटा पुन्हा चढला. एके दिवशी ते आमच्या दारात उभे. हातात बिंदगी.

"वहिनी, मूठभर अळ्या द्या की."

मी पुढं झालो. "अप्पा, मी देतो ना."

"तू नगंस," ते म्हणाले. "वहिनीच देऊ द्या."

तोवर मी माझा अहवाल विसरलो होतो. कचेरी विसरली नव्हती. तो टेबलाटेबलांवरून फिरून एक दिवस माझ्याच पोत्यावर येऊन पडला. वर साहेबांचं पत्र. नव्या जिल्ह्यात अद्याप कीटकतज्ज्ञ रुजू झालेला नाही, सबब सदर परदेशी किडीबाबत स्थानिक जाणकाराचं मत घेऊन खुलासा सादर करावा.

मी सायकल काढली आणि घरी गेलो. स्थानिक जाणकार शेळीला पाला टाकत होती. ती बोलत गेली तसं मी लिहीत गेलो. अळी कधी दिसते, कुठं बसते, कुठला शेंडा आधी साफ होतो, दवा मारलेल्या रानात का दिसत नाही, सगळं. भाषा शासकीय केली, खाली माझी सही केली आणि खुलासा पाठवून दिला. आठवड्यानं तो परत आला. समासात साहेबांनी लाल शाईत शेरा मारला होता, 'निरीक्षण उत्तम.'

मला तो शेरा कुठंतरी वाचल्यासारखा वाटला. देव्हाऱ्यातलं लाल फडकं सोडलं, हळदकुंकवाचं पान काढलं. ढालकिड्याच्या अळीच्या चित्राखाली आमच्या सरांनीही, लाल शाईतच, हेच दोन शब्द लिहिले होते. निरीक्षणाबद्दल आयुष्यात मला दोनदा शाबासकी मिळाली, आणि दोन्ही वेळा मी दुसऱ्याचंच बघून लिहिलं होतं!